मित्राच्या बाईकवरून एक राउंड

दुबईत बाईक चालवायचे महिने ऑक्टोबरअखेर सुरू होतात आणि एप्रिलमध्ये संपतात. उन्हाळ्यात हेल्मेटच्या आत डोकं उकडून निघतं. म्हणून दर मे महिन्यात मी आणि ऑफिसातला माझा मित्र आपापल्या बाईकच्या बॅटरीच्या वायरी काढून, वर कव्हर घालून ठेवायचो. हवा बदलली की सुट्टीच्या सकाळी हत्ताचे डोंगर गाठायचे, चहा प्यायचा आणि ऊन चढायच्या आत घरी. सात वर्षं हे चाललं.

गेल्या जुलैत तो सुट्टीवर पुण्याला गेला आणि तिथेच हार्ट अटॅकने वारला. मला मीटिंगमध्ये मेसेज आला. मी फोन उलटा ठेवला आणि प्रेझेंटेशन पूर्ण केलं.

ऑक्टोबरात वहिनी मुलीला घेऊन सामान आवरायला आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, यांची बाईक चालू करून कुणाला तरी देऊन टाका. मला पार्किंगमध्ये जाववत नाही."

त्याने यंदा वायर काढलीच नव्हती. बॅटरी मेली होती. बाईक पिकअपमध्ये घालून मी रास अल खोरला आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे नेली. तो चिपळूणचा. बाईक बघताच त्याने ओळखली.

"साहेब नाही आले?"

"गेले ते."

"कॅन्सल करून गेले?"

व्हिसा रद्द करून कायमचं घरी परतणाऱ्यांबद्दल इथे असंच विचारतात. मी हो म्हटलं.

"बरं केलं. कधीतरी जायलाच पाहिजे," तो म्हणाला. नवी बॅटरी बसवून त्याने बाईक माझ्या हातात दिली. "एक राउंड मारून बघा."

मी गोदामांच्या रस्त्याने निघालो. वाऱ्यातली धग गेली होती. क्लच मित्राच्या बोटांच्या मापाने लावलेला होता, मला जरा जवळ वाटला. मनात दुसरं काही आलं नाही. वळणावर इंडिकेटर चालतात का, तेवढं पाहिलं आणि परतलो.

बाईक आमच्या ओळखीच्या एका रायडरला दिली. वहिनींनी विचारलं, "नीट चालत होती ना?"

"एकदम."

त्या सामानाच्या एका खोक्याला चिकटपट्टी लावत होत्या. मुलगी म्हणाली, "अंकल, कॅन यू होल्ड धिस साइड?"

मी ती बाजू दाबून धरली.