हयातीचा दाखला

मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये समुद्र आणायचं खूळ माझं. नागपूरच्या उन्हाळ्यात खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळायची, पण हौसेला मोल नाही! सदर बाजारातल्या दुकानातून बोटभर मासा आणला. किनाऱ्यालगतच्या खडकांत राहणारा, रॅस जातीचा, नारिंगी, पाठीवर पांढरे ठिपके. दचकला की वाळूत घुसायचा, झोपायचाही वाळूतच.

निवृत्त हेडक्लार्क असलेल्या माझ्या बाबांनी लगेच त्याचं हजेरीबुक उघडलं. "साहेब पावणेसहाले फुटक्या शंखापाशी वाळूत गेले," असं जेवताना वाचून दाखवत.

पावसाळ्यात बाबा चार महिने माझ्या भावाकडे खाप्याला राहिले. तेवढ्यात माशाचा नारिंगी रंग गेला, ठिपके गेले. अंग हिरवट निळं, शेपूट पिवळं. या माशांचं असंच असतं. पिल्लू आणि मोठा मासा एकमेकांचे नातेवाईकही वाटत नाहीत.

नोव्हेंबरात बाबा परतले आणि टाकीपुढे थबकले.

"पहिला मेला नं वं?"

"तोच आहे, बाबा. मोठा झाला की रंग बदलते त्याचा."

"काहून खोटं बोलून राहिली? बुढ्याले वाईट वाटू नये म्हणून दुसरा आणला तू."

चोराच्या मनात चांदणं! मी चौथीत असताना माझा पोपट मेला, तर शाळेतून येईपर्यंत बाबांनीच दुसरा आणून पिंजऱ्यात ठेवला होता. मी तेव्हा काही बोलले नव्हते. आता मात्र बाबांचा माझ्या शब्दावर विश्वास नाही, हे मला फार लागलं. त्यांनी हजेरीबुकही मिटून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला आम्ही बँकेत गेलो. दहाही बोटं दाबून झाली, पण यंत्र बाबांना ओळखेना. फायली चाळून चाळून रेषाच झिजलेल्या. "अरे, मी जिता आहो, समोर उभा आहो," बाबा म्हणत राहिले. शेवटी मॅनेजरनं जुनी सही ताडून पाहिली, तेव्हा कुठे काम झालं.

घरी आल्यावर बाबा चहाही न घेता टाकीपुढे खुर्ची टाकून बसले. हजेरीबुक मांडीवर. पावणेसहाला निळा मासा फुटक्या शंखापाशी आला, आडवा झाला आणि वाळूत गेला.

बाबांनी घड्याळ पाहिलं, पेन मागितलं आणि लिहिलं, "ओळख पटली. हयात आहे." खाली सही. माझा जीव भांड्यात पडला.

"पोपटाचं तुले माहीत होतं का वं?" त्यांनी हळूच विचारलं.

"त्याच दिवशी समजलं होतं."

"मग बोलली काहून नाही?"

"तुमाले वाईट वाटलं असतं."

बाबांनी चष्मा पुसला आणि पुन्हा एकदा टाकीत डोकावून पाहिलं.