मोदकांचा मान

आमच्या सोसायटीतले किस्से सांगायला बसले तर चहा गार होईल! खाली केरळ, वर बंगाल, समोर बिहार. शनिवार पेठेतून आलेली मी एकटीच. आणि खरं सांगू? मी जळते सगळ्यांवर. सगळ्यात जास्त शीजावर. ही खालच्या मजल्यावरची, केरळची, आयटीवाली.

*

भाव कसा करायचा ते शिकवायला मीच तिला मंडईत नेलं. मी भाव केला, तर भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "परवडत नसेल तर पुढे व्हा." शीजाने नुसतं विचारलं, "मावशी, जेवलात का?" तिच्या पिशवीत कोथिंबीर फुकट! अहो, जन्म माझा गेलाय इथे!

*

वरचे बॅनर्जीदा. सगळ्या आरत्या पाठ! माझा मुलगा नुसते ओठ हलवतो. वर मलाच म्हणतात, "काकू, शेवटच्या कडव्यात तुम्ही घाई करता."

मी म्हटलं, "तुम्ही आपलं दुर्गापूजेत लक्ष घाला."

"घातलंय की! तुम्हाला सेक्रेटरी केलंय."

*

बाप्पाच्या नैवेद्याचे उकडीचे मोदक मात्र दरवर्षी माझेच. तेवढा एक मान उरला होता. यंदा शीजा म्हणाली, "काकू, आमच्याकडे असेच करतात, फक्त गोल. मी करून बघू?"

बघितले करून. कळ्या अशा नाजूक की माझ्या पोटात दुखायलाच लागलं! आमच्या ह्यांना विचारलं, "कसे झालेत?"

"तुझ्यासारखे नाहीत," म्हणाले आणि आणखी एक उचलला.

*

शेवटी ठरलं, चतुर्थीच्या आदल्या दिवशी दोघींनी मोदक करायचे आणि नैवेद्याचा मान कोणाला ते माझ्या सासूबाईंनी सांगायचं. झालं! लग्नाला तीस वर्षं झाली, माझ्या मोदकाला त्यांनी कधी 'बरा' म्हटलेलं नाही. तो एक शब्द ऐकायला कान आसुसलेत माझे.

दोन ताटल्या ठेवल्या. सासूबाई म्हणाल्या, "कुठले कोणाचे ते सांगू नका. मी ओळखते."

आधी माझा मोडला. "हे केरळचे. पारी जाड आहे. पण परप्रांतातली मुलगी, एवढं केलंन, कौतुक आहे हो!"

मग शीजाचा घेतला. सावकाश खाल्ला. डोळे मिटले.

"आणि हे आपले. सूनबाई, बसला गं तुझा हात एकदाचा!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शीजासुद्धा. मी पटकन वाकून नमस्कार केला.

"आजी, काकूंचा आणखी एक घ्या ना," शीजा म्हणाली, आणि आपल्याच ताटलीतला मोदक त्यांना वाढला.