पाच दुखणी आणि आमचे मिस्त्री

शाहूपुरीतले आमचे मिस्त्री गाडी दुरुस्त करत नाहीत, तिची चौकशी भरवतात. क्लच जड झाला म्हणून गाडी न्यावी, तर आठवड्यात ती कोणी चालवली, कुठल्या रस्त्याने, आणि चालवणारा रागात होता का, इथून सुरुवात. एकदा माझ्या नवऱ्याला ऑफिसातून बोलावून सगळ्या गिऱ्हाइकांदेखत गिअर टाकून दाखवायला लावलं. "सायेब, गिअर हाय त्यो, हातपंप न्हवं," एवढंच म्हणाले. नवरा आठ दिवस बोलला नाही, तेही माझ्याशी.

मी कामं कागदावर मांडून करणारी बाई. गडहिंग्लजला सासूबाईंची धाकटी बहीण अंथरुणाला खिळलेली, डॉक्टरांनी हात टेकलेले. उद्या सासूबाईंना भेटीला घेऊन येते, असा शब्द मी तिच्या घरी दिला होता. सासूबाईंना गुडघ्यांमुळे एसटीची पायरी चढवत नाही आणि भाड्याच्या गाडीचं नाव काढलं तरी मळमळतं. नेमकी आदल्या सकाळी आमची गाडी धक्के देत बंद पडली. मिस्त्रींनी स्कॅनर लावला, तर बिघाडाचे एकदम पाच कोड. मी फोनवर प्रत्येकाचा अर्थ शोधला आणि पाच पार्टची यादी त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती वाचून चहाच्या ग्लासाखाली सारली.

"वैनी, ही काय बस्त्याची यादी हाय व्हय?"

"पाच कोड, पाच पार्ट. बदला आणि गाडी द्या. उद्या सकाळी निघायचंय."

"एका घरातली पाच माणसं एकदम आजारी पडली, तर पाच डॉक्टर आणतासा, का आदी जेवली कुठं ते बघतासा? मागच्या सीटवर कोण बसतंय?"

"सासूबाई."

"मग आणा की त्यास्नी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण गाडी त्यांच्या ताब्यात. सासूबाईंना रिक्षातून आणलं. मिस्त्रींनी त्यांना स्टूल दिलं, चहा दिला, गडहिंग्लजच्या बहिणीचं सगळं ऐकून घेतलं आणि अदबीने विचारलं, "मावशी, गाडी कवा तरास देती?"

"डावीकडं वळली की उचकी देती आन् म्होरं दिवा लागतोय," सासूबाई ताडकन म्हणाल्या. "म्हैना झाला. पर मला इचारतंय कोण?"

मिस्त्री बॉनेटखाली वाकले. बॅटरीची अर्थिंगची वायर बोल्टपाशी गंजून सैल झाली होती. डाव्या वळणावर इंजिन हललं की सुटायची आणि पाचही ठिकाणचा करंट एकदम तुटायचा. त्यांनी ती घासली, आवळली, कोड पुसले आणि गाडी चार वेळा डावीकडे वळवून आणली. एकही कोड परत आला नाही. "पाची जणं एकाच पंगतीला हुती," ते हात पुसत म्हणाले. माझी यादी तशीच ग्लासाखाली भिजत होती.

दुसऱ्या दिवशी गडहिंग्लजहून मी त्यांना फोन केला. गाडी कुठे अडली नाही, दिवा लागला नाही, असं क्रमाने सांगू लागले, तर त्यांनी मध्येच तोडलं.

"ते ऱ्हाऊ दे. बहिणीनं वळखलं का मावशीस्नी?"

आतल्या खोलीत दोघी म्हाताऱ्या एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या.

"ओळखलं," मी म्हणाले.

एरवी रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असं बोलणारा तो माणूस हळूच म्हणाला, "घाई करू नगा वैनी. बसू दे त्यास्नी."