अवधानाची व्याख्या

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या सुमारास मी शिक्षकाचं ट्रेनिंग संपवून मुरुमच्या शाळेत लागलो. मानसशास्त्राच्या पेपरात पहिला आलो होतो, कारण सगळ्या व्याख्या मला झोपेतून उठवलं तरी म्हणता येत. संवेदना, स्मृती, सवय. अवधानाची तर फारच आवडती: अनेक गोष्टींतून एकीवर मन केंद्रित करणं म्हणजे अवधान. मी पक्का उंटावरचा शहाणा होतो, पण ते मला सांगणार कोण?

तिसरीत एका शिंप्याची मुलगी होती. वाचायला पटाईत, पण वाचता वाचता मध्येच थांबायची. डोळे उघडे, हाक मारली तरी ढिम्म. दहा आकडे मोजावेत एवढ्यात पुढचा शब्द वाचू लागायची. वर्ग हसायचा, मी चिडायचो. 'मी लक्ष देईन' हे वाक्य शंभर वेळा लिहून आणायला सांगितलं. तिनं आणलं, पण दर पाच-सहा ओळींनी अक्षर मोडून पेन्सिलीची रेघ खाली घसरली होती. त्या प्रत्येक रेघेवर मी लाल फुली मारली.

ती वही घेऊन तिचे वडील शाळेत आले. "गुरुजी, घरीबी असंच हुतंय. सुईत दोरा ओवता ओवता थांबती. तुम्ही शिकलेले, तुम्हाला ठावं असंल."

मी त्यांना व्याख्या ऐकवली. वर म्हणालो, "नुसतं बसून काय उपयोग? घरी कामाला लावा, लक्ष आपोआप येईल."

मास्तरचा शब्द तेव्हा कुणी मोडत नसे. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. हजेरीपटावरून तिचं नाव कमी करताना मला हलकं वाटलं होतं, हे लिहितानाही लाज वाटते.

सात वर्षांनी माझी स्वतःची मुलगी हातात घास धरून तशीच थांबली. आधी मी तिच्यावरही ओरडलो. पुन्हा पुन्हा होऊ लागलं तेव्हा उमरग्याच्या डॉक्टरांकडे नेलं.

"ही फीटच आहे," ते म्हणाले. "पोर पडत नाही, म्हणून कळत नाही. रागावू नका तिच्यावर. गोळ्या देतो."

मुलीला घरी सोडून मी तडक शिंप्याच्या दुकानात गेलो. त्यांची मुलगी तिथंच काज-बटणं करत बसली होती, लग्नाच्या वयाची झालेली. मी तिच्या वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी मशीन थांबवली.

"आता न्हाय थांबत पोरगी तशी," ते म्हणाले. "दोन वर्सं झाली. आपसूकच गेलं."

म्हणजे मी नुसती कळ काढली असती, तर तिची शाळा राहिली असती. काहीतरी बोलायचं म्हणून तिला विचारलं, "वाचतेस का अजून?"

"इसरले," ती म्हणाली. दातानं दोरा तोडला, आणि माझ्याकडं बघून सावकाश म्हणाली, "गुरुजी, मी तवा लक्ष देत हुते."