टीपकाकूंचं घर विकायला निघालं

गल्लीतल्या अर्ध्या लोकांच्या कमरेचा घेर टीपकाकूंना तोंडपाठ. चाळीस वर्षं शिवणयंत्रावर बसून त्यांनी शाळेचे गणवेश शिवले, वाढत्या पोरांच्या विजारींची दुमड सोडली, मोठ्यांच्या सुटल्या पोटांसाठी शिवणी उसवल्या, आणि कुणाचं पोट किती सुटलं हे या कानाचं त्या कानाला कळू दिलं नाही. नवरा लवकर गेला. पण टिपेवर टीप मारत बाईनं दोन खोल्यांचं घर स्वतःचं केलं. तिसऱ्या मजल्यावर!

आता गुडघे कुरकुरायला लागले. धाकट्या बहिणीनं आपल्या शेजारची तळमजल्याची खोली त्यांच्यासाठी धरून ठेवली होती, पण महिनाअखेरपर्यंतच. तोवर हे घर विकलं गेलं नाही, तर जिना काही सुटत नव्हता.

दलाल म्हणाला, "काकू, पसारा हलवा. भिंतीवरचे फोटो उतरवा, दारावरची पाटीसुद्धा. घर मोठं दिसलं पाहिजे."

काकूंची खोड अशी की एक टाका सांगितला तर दहा घालायच्या. त्यांनी पसारा काय, अख्खं घरच हलवलं. कॉट, कपाट, खुर्च्या, पडदे, सगळं समोरच्या घड्याळजींकडे. हे घड्याळं दुरुस्त करायचे. एकटा जीव सदाशिव, घरात एका टेबलाशिवाय सामान नाही.

"अहो, मग मी कुठं बसू?"

"कपाटावर बसा. उंचावरून वेळ नीट कळेल."

दोन गिऱ्हाइकं आली. रिकाम्या खोलीत त्यांचाच आवाज घुमला. "लहान आहे हो. कॉट कुठं मावायची?" म्हणत पायऱ्या उतरून गेली. महिना संपायला उरले चार दिवस.

तिसरं गिऱ्हाईक म्हणजे एक जोडपं, ते वेळेआधीच टपकलं. काकूंच्या दारावर पाटी नाही, म्हणून ज्या दाराआड टिकटिक ऐकू आली तेच त्यांनी वाजवलं. घड्याळजींनी उघडलं, डोळ्याला भिंग तसंच. ते काही बोलायच्या आत बाई काकूंच्या खुर्चीत बसल्यासुद्धा.

"अगंबाई, किती ऐसपैस! इथं आपली कॉट, तिथं पोरीचं टेबल."

"घेऊन टाकू," नवरा म्हणाला.

"घेऊन काय टाकता? मी राहतो इथं!" घड्याळजी किंचाळले.

ओरडा ऐकून काकू धावल्या, मागून धापा टाकत दलाल. काकूंनी जोडप्याला समोर आपल्या घरात नेलं. बाईंचं तोंड एवढंसं झालं. "हे लहान आहे."

काकूंनी टेप काढली. "धरा हो टोक," दलालाला म्हणाल्या. दोन्ही घरं मापून झाली. बोटभराचा फरक निघेना.

"मग ते मोठं का वाटलं?"

"बाई, खुंटीला टांगलेला झगा कधी मापाचा दिसतो का? अंगात घालावा लागतो. चूक माझीच. चांगल्या घराला मी उघडं करून उभं केलं."

मग सगळी वरात उलटी फिरली. कॉटचं उशाकडचं टोक दलालानं उचललं, पायथा गिऱ्हाईक नवऱ्यानं. घड्याळजींना तर एवढा हुरूप आला की त्यांनी स्वतःचंही टेबल दाराबाहेर काढलं. पडदे लागले, खुर्च्या बसल्या, आणि बाई त्याच खुर्चीत पुन्हा टेकल्या. या खेपेला उठेनात.

"एक सांगते," काकू म्हणाल्या. "दुपारच्या उन्हानं ओटा तापतो. उन्हाळ्यात स्वयंपाक सकाळीच उरका."

दलालानं कोपर मारलं.

"मारा कोपर! विरलेलं कापड झाकून मी कधी विकलं नाही."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "ओट्याचं सांगून टाकलं म्हणजे लपवलेलं काही नसणार. घेऊ या हेच."

विसार हातात पडला तसा काकूंनी बहिणीला फोन लावला. "खोली दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. येतेय मी."

"म्हणजे आता रोज सकाळी तुझं तोंड बघायचं?"

"मलाही तुझंच बघायचंय की! मी केली का तक्रार?"