खताचा ढीग किती दिवसांनी पलटवायचा?

सहा घरांचा ओला कचरा एका जागी जमला की त्याचं खत व्हायला तीन महिने लागतात. किस्से मात्र पहिल्याच दिवशी तयार! हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीच्या टोकाला एक ढीग आहे, त्याचेच हे.

ढीग अधूनमधून खालीवर करायचा, म्हणजे आत हवा खेळते, इथवर सगळ्यांचं एकमत होतं. कधी करायचा, यावर मात्र भांडण. गणिताचे निवृत्त शिक्षक बोकडे सर म्हणाले, "दर तीन दिवसांनी!"

पौनीकर काका मूळचे उमरेडचे, हातमागावर आयुष्य गेलेलं. ते म्हणाले, "काहून जी? घडीघडी उठून कापड किती झालं पाह्यलं, तं लुगडं कवा होईन? महिन्यातून एकदा!"

शेवटी दहा दिवसांवर तडजोड झाली. सरांनी पुठ्ठ्यावर पाळ्यांचं टाइमटेबल लिहून टांगलं.

*

ढीग आतून गरम व्हायला हवा, म्हणून सरांनी घरातला तापाचा थर्मामीटर त्यात खुपसला. सरांच्या मिसेस गेटमधूनच ओरडल्या, "मले ताप आला तं हात लावून पाहत नाही, अन् कचऱ्याचा ताप पाहून राहिले!"

*

माझी पाळी मी एकदा चुकवली. एकदा म्हणजे दोनदा. गल्लीत असा वास सुटला की समोरच्या ताईंनी गटार साफ करणारा माणूस बोलावला. तो वास घेत घेत ढिगापाशी आला, टाइमटेबल वाचलं, माझं नाव विचारलं आणि मला म्हणाला, "मॅडम, गटार एकदम चांगलं आहे. वास तुमचा आहे!"

*

पुढे पौनीकर काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणत, रोज चाला. काकू म्हणत, उद्यापासून. पाय आखडला तर ही कायमची खाटेवर बसेल, या धास्तीने काका वाळून गेले.

आणि नेमकं तेव्हाच काकांना विसरायला व्हायला लागलं. रोज सकाळी फावडं घेऊन निघायचे, "आज माही पाळी!" मागून काठी टेकत काकू, "अजी, कालच तं पलटवलं!"

"काल? नाही वं!"

अशा माणसाला एकटं कसं सोडायचं? काकू रोज यायला लागल्या.

रोजच्या उकराउकरीने ढीग थंड पडला. सर भांडायला गेले, मागोमाग मीही. काकांनी त्यांना कोपऱ्यात नेलं आणि हळूच म्हणाले, "सर, मले सारं आठवते. पण मी विसरलो नाही, तं ही घराबाहेर पाय ठेवत नाही."

दुसऱ्या दिवशी शेजारी वाळक्या पानांचा वेगळा ढीग तयार होता आणि पुठ्ठ्यावर सरांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'पौनीकर, रोज.' या माणसावर माझा तेव्हापासून फार जीव आहे.

*

मागच्या आठवड्यात काकांना ताप होता. काकू एकट्याच आल्या, काठीशिवाय, हातात फावडं घेऊन! पानांचा ढीग पलटवायला लागल्या.

"काकू, आज राहू द्या ना. रोज नाही पलटवलं तरी चालतं."

"मालूम आहे वं. त्याईचं इसरायचं सोंगबी मालूम आहे. पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

काकू फावड्यावर रेलल्या. "सांगू नको वं त्याईले. सारी जिंदगी कामात गेली. आता कुठी रोज माह्यासंग फिरायले निघून राहिले."