जॉबरकाकांचा धागा

जॉबरकाका बोलताना माणसाच्या डोळ्यांकडे बघायचे नाहीत, तोंडाकडे बघायचे. तेही एकटक. आमच्या इमारतीतल्या बाकीच्या बायकांना ते विचित्र वाटायचं. मला नाही, कारण मी दातांची डॉक्टर. दिवसभर मीही लोकांच्या तोंडातच बघत असे. एवढंच खटकायचं की मी मास्क लावून काही सांगायला लागले की ते हात वर करून मला थांबवायचे. "ते फडकं आधी काढ गो बाय. तोंड झाकून बोललेलं मी ऐकून घेत नाय." हा मानापमानाचा भाग असणार, असं समजून मी मास्क काढून बोलू लागले.

ही ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. अंधेरीत दवाखान्यासाठी जागा घेणं मला शक्यच नव्हतं. म्हणून मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेटरकडून मी दोन चाकांवरचा पत्र्याचा डबा बांधून घेतला. आत खुर्ची, दिवा, ड्रिल चालवायला कंप्रेसर. सकाळी भाड्याची जीप तो ओढत कारखान्यांच्या फाटकाशी न्यायची आणि दुपारी आमच्या इमारतीसमोरच्या मैदानात आणून सोडायची. माझा नवरा त्याला कॅरावॅन म्हणायचा, सगळं मरोळ ‘दातांचा डबा’ म्हणायचं. डबा गेला तर पुन्हा दुसऱ्या कुणाच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून उभं राहायचं, हे मला पक्कं माहीत होतं.

पहिल्याच महिन्यात आतलं स्टूल गेलं, नंतर जादाचं चाक. मी दोन भक्कम कुलपं आणून दाराला लावली. मैदानाच्या कडेला बैठी चाळ होती. तिथल्या पहिल्या खोलीच्या दारात एक म्हातारा अडकित्त्याने सुपारी कातरत बसलेला असे. तो उठून आला, कुलपं हातात घेऊन बघितली, "चांगली हायत," म्हणाला. मग खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढून त्याने बिजागऱ्यांच्या खिळ्या बाहेरून वर ठोकल्या आणि अख्खं दार उचलून माझ्या हातात दिलं.

"घे. कुलपं शाबूत हायत तुझी."

"आता?" मी विचारलं.

"आता धरून ठेव. पडेल."

हे जॉबरकाका. लालबागच्या एका गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे जिथे कापड विणतात तिथे, त्यांनी तीस वर्षं जॉबर म्हणून माग दुरुस्त केले होते. संपानंतर गिरणी उघडली नाही आणि ते मरोळला आले. दोन दिवसांत त्यांनी खिळ्या वेल्डिंग करून घेतल्या आणि चाकांना अशी लोखंडी खीळ बसवली की ती काढल्याशिवाय डबा हलणार नाही. मोबदला म्हणून काकींसाठी कवळी करून मागितली.

पण खीळ आणि कुलपांवर त्यांचं समाधान नव्हतं. "कुलूप चोराला थोपवतं. तुला काय सांगतं? काय नाय." त्यांनी डब्याभोवती घोट्याच्या उंचीवर साधा सुती धागा फिरवला आणि त्यात पोलादाची एक पातळ पट्टी ओवली. तिला ते ड्रॉपर म्हणत. गिरणीत अशी पट्टी मागावरच्या प्रत्येक धाग्यावर असते. धागा तुटला की ती खाली पडते आणि माग उभा राहतो. इथे पट्टी पडली की विजेची जोडणी पुरी होऊन तारेने थेट काकांच्या खोलीत घंटा वाजणार होती.

"काका, मांजर गेलं तरी तुटेल हा," मी हसून म्हटलं.

"तुटायलाच पायजे. न तुटणारा धागा काय कामाचा?"

आणि तो तुटायचा. शेळीने तुटायचा, क्रिकेटच्या चेंडूने तुटायचा, माझ्याही पायाने तुटायचा. दर वेळी खोलीत घंटा खणखणायची, पाठोपाठ काकींचा आवाज, आणि मिनिटाच्या आत काका काठी घेऊन मैदानात. काकींचा आवाज असा की आमच्या तिसऱ्या मजल्यावर ऐकू यावा. सहा महिने डब्यातून साधा चिमटासुद्धा गेला नाही.

मग शिमगा आला. काकी गावाला निघाल्या, काका जागचे हलेनात.

"पालखी दारात येणार नि तुम्ही इथे?" मी म्हटलं.

"पालखी नाचवायला मानसं हायत. डब्याला कोण हाय?"

त्याच आठवड्यात, दुपारी दोनच्या सुमारास, मी घरी जेवत असताना दोन माणसं जीप घेऊन आली. मैदानाजवळच्या चहावाल्याला सांगितलं, डॉक्टरबाईंनी डबा दुरुस्तीला न्यायला सांगितलाय. चाकांची खीळ काही त्यांच्याकडून निघाली नाही, तेव्हा कुलपं कापून त्यांनी कंप्रेसर, दिवा आणि हत्यारांचा ट्रे जीपमध्ये घातला. मी खाली पोचले तेव्हा दार सताड उघडं होतं आणि धागा मातीत पडलेला.

काकांची शेजारीण म्हणाली, "घंटा किती वेळ वाजत होती हो! काका मैदानाकडे पाठ करून सुपारी कातरत होते. आम्हाला वाटलं, ऐकलं असेल त्यांनी, जातील."

मी त्यांच्या खोलीकडे वळले तर तेच समोरून येत होते. माझ्यासमोर उभे राहिले आणि पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे न बघता खाली बघत बोलले.

"बाय, मला ऐकू येत नाय."

"कधीपासून?"

उत्तर आलं नाही. मग माझ्या लक्षात आलं, त्यांनी वर बघितल्याशिवाय त्यांना प्रश्नच कळणार नव्हता. मी त्यांच्या दंडाला हात लावून पुन्हा विचारलं.

"लय वर्सं झाली. साचेखात्यात कान कुणाचा र्‍हातो? तिथे आम्ही ओठ बघूनच बोलायचो. घंटा हिला ऐकू यायची. ही मला हलवायची."

"मग आधी सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर घंटा माझ्या घरात लावू दिली असतीस?"

"नसती दिली."

"मग?"

पण माझा कंप्रेसर गेला होता. मी म्हटलं, "ती तार काढून टाका. मी दुसरा माणूस बघते." प्रत्येक शब्द त्यांनी माझ्या ओठांवरून वाचला.

"काढतो. पण आठ दिवस दे. मग तूच चोरी करायला ये, येळ तू ठरव. मला कळलं नाय तर तार माझ्या हाताने तोडीन."

नवरा म्हणाला, कशाला म्हाताऱ्याची परीक्षा घेतेस, सरळ नाही म्हण. मी मात्र आठ दिवस थांबले. त्यांच्या खोलीतून ठोकाठोक ऐकू येत होती. नवव्या दिवशी दुपारी मी कात्री घेऊन मैदानात उतरले. काका दारात पाठमोरे, पाटावर, सुपारी कातरत. मी चपला काढून डब्यापाशी गेले, वाकून धाग्याला बोट लावून बघितलं, मग कापला. कुठे काही वाजलं नाही. मला वाईट वाटलं, हे आज कबूल करते. कंबर सरळ करून वळले तर काका काठी घेऊन अर्धं मैदान ओलांडून आले होते.

त्यांनी घंटेची वाटी काढून नुसती ती वाजवणारी हातोडी ठेवली होती आणि ती बसायच्या पाटाला खालून बसवली होती. "माग बिघडला हे आम्हाला कानाने कधी कळलं? जमिनीला पाय टेकला की कळायचं." मग हसून म्हणाले, "आणि तू आधी बोट लावून बघितलंस. पाट जरासा थरथरला. चोर असा विचारून कापत नाय गो."

"कंप्रेसर सोमवारी येतोय," मी म्हटलं. "दोनच्या आत पाटावर बसायचं."

पुढची तीन वर्षं ते बसले. काकी गावाला असल्या तरी आणि नसल्या तरी. मग मला घाटकोपरला तळमजल्यावर जागा मिळाली आणि डबा मी मालाडच्या एका चष्मेवाल्याला दिला. काकांना म्हटलं, माझ्याबरोबर चला, दाराशी बसा. "पेशंटांची नावं कोण ऐकणार, तुझा नवरा?" असं म्हणून त्यांनी ती गोष्ट हसण्यावारी नेली आणि काकींबरोबर गावाला गेले. दोन वर्षांनी काकींचं कार्ड आलं. काका गेले होते, तीन ओळींत.

मागच्या महिन्यात भर दुपारी माझ्या दवाखान्यासमोर उभ्या असलेल्या एका गाडीचा चोरीची सूचना देणारा भोंगा वाजायला लागला. समोरच्या बाल्कनीतल्या बाईंनी एकदा खाली बघितलं आणि त्या कपड्यांना चिमटे लावत राहिल्या. इस्त्रीवाल्याने इस्त्री थांबवली नाही. "मॅडम, ते असंच वाजत असतं," माझी असिस्टंट म्हणाली. खुर्चीत पेशंट आ करून पडला होता. "तोंड मिटा, दोन मिनिटांत आले," असं त्याला सांगून मी हातमोजे काढले आणि बाहेर बघायला गेले.